दोन्ही हात पानावर

जुन्या बांधीव खंडाचं पान एका हाताने सपाट धरता येत नाही. शिवण घट्ट असते, बांधणीच्या वेळी समास कातरलेला असतो, आणि डावं पान दाबलं की उजवं उचकतं. हे मला कळलं ते वाचनालयातल्या मासिकांचे खंड संगणकावर उतरवायला बसल्यावर.

आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गातलं. मी देवघेव विभाग सांभाळते. मागच्या खोलीतल्या दोन लाकडी कपाटांत मराठी मासिकांचे ६३ खंड आहेत. सर्वांत जुना १९१४ चा, सर्वांत अलीकडचा १९५९ चा. लाकडाच्या लगद्याचा कागद तो, आम्ल धरून ठेवणारा, त्यामुळे दरवर्षी थोडा अधिक पिवळा आणि थोडा अधिक ठिसूळ होत जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईच्या वर्षांचे अंक तर इतक्या हलक्या कागदावर छापलेत की पान उलटताना कोपऱ्याचा चुरा बोटांवर येतो. दोन पावसाळ्यांपूर्वी एका खंडाला कसर लागली आणि मधली चाळीस पानं जाळीसारखी झाली. त्या पानांत काय होतं ते आता कोणालाच वाचता येणार नाही. त्या दिवशी मी ठरवलं की उरलेल्यांचे फोटो काढून ठेवायचे.

वाचनालयाकडे एक डॉक्युमेंट कॅमेरा होता. टेबलावर उभ्या दांड्याला कॅमेरा, खाली काळी चटई, आणि संगणकावर त्याचं एक साधं सॉफ्टवेअर. उघडलेल्या खंडाची दोन पानं एका फोटोत मावायची. पडद्याच्या उजव्या बाजूला खाली ‘कॅप्चर’ असं बटण, ते माउसने दाबलं की फोटो निघायचा आणि पुढचा क्रमांक घेऊन फोल्डरमध्ये जायचा. एका खंडाची सरासरी सातशे पानं धरली तर ६३ खंडांची होतात सुमारे ४४ हजार. म्हणजे २२ हजार फोटो, आणि २२ हजार वेळा त्याच बटणावर क्लिक.

क्लिकचा कंटाळा हा मुख्य त्रास नव्हताच. उजवा हात माउसवर आणि डावा पानावर, त्यामुळे उजवं पान नेमकं फोटोच्या क्षणी उचलायचं. अक्षरं वळायची, समासाकडच्या ओळी सावलीत जायच्या. मग डाव्या हाताचा अंगठा एका पानावर आणि करंगळी दुसऱ्यावर असं ताणून धरायचे, तर अंगठा मजकुरावर यायचा. दर दहा फोटोंत दोन-तीन पुन्हा काढावे लागत. तासाला शंभर-सव्वाशे फोटो व्हायचे. तीन आठवड्यांत उजवं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्नायूबंधाला सूज असल्याचं सांगून पट्टा दिला आणि माउस कमी वापरायला सांगितलं.

सॉफ्टवेअरमध्ये हालचाल थांबली की आपोआप फोटो काढण्याची सोय होती. ती मी आधी करून पाहिली होती. पण पान दाबून धरताना माझा हातही थांबतो, आणि ते माझ्या हाताचेच फोटो काढत बसायचं. पायाने दाबायचं पेडलही बाजारात मिळतं. त्याची मागणी मी समितीकडे दिली आहे. ते येईपर्यंत खंड थांबणार नव्हते.

उपाय सांगितला माझ्या भाच्याने. तो नववीत आहे, सुटीत आला होता, आणि मला एक दुपारभर मदत करायला वाचनालयात बसला. पंधरा-वीस मिनिटं पाहून म्हणाला, “आत्या, तू दरवेळी हाताने क्लिक करतेस? ऑटोक्लिकर लाव की.” माइनक्राफ्टसारख्या खेळांत मुलं ते वापरतात म्हणे. एकाच जागी ठरावीक अंतराने माउसचं बटण दाबत राहणारा छोटासा प्रोग्राम. मी विचारलं, दर आठ-दहा सेकंदांनी एकदाच दाबेल का? त्याला हा प्रश्नच नवा होता, कारण खेळात सगळ्यांना सेकंदाला दहा-वीस क्लिक हवे असतात. पण खिडकीत तासाचा, मिनिटाचा, सेकंदाचा आणि मिलीसेकंदाचा असे चार चौकोन होते. सेकंदाच्या चौकोनात आठ लिहायला काहीच हरकत नव्हती.

उतरवून घेताना मात्र मी त्याला घाई करू दिली नाही. ऑटोक्लिकर शोधलं की त्याच नावाची अनेक संकेतस्थळं येतात, आणि त्यांवर मोठी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं असतात, जी प्रत्यक्षात जाहिराती असतात. वाचनालयाच्या संगणकावर सभासदांची नोंद आहे, दाखल नोंदवहीची प्रत आहे. तिथे काहीही येऊन बसणं मला परवडणार नव्हतं. आम्ही सोर्सफोर्ज या मोफत सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरून ‘ओपी ऑटो क्लिकर’ घेतलं आणि उघडण्याआधी ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली. तिथे एकच फाइल अनेक कंपन्यांच्या अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासली जाते. दोन-तीन ठिकाणी शंकेचा शेरा आला, बाकीच्यांना काही वावगं दिसलं नाही. माउसचं बटण माणसाऐवजी प्रोग्रामने दाबणं हीच गोष्ट काही अँटिव्हायरसना संशयास्पद वाटते, त्यामुळे अशा साधनांवर असे शेरे येतातच. तरीही पहिले चार दिवस मी ते माझ्या घरच्या जुन्या संगणकावरच चालवलं.

वापरायला ते सोपं आहे. क्लिकमधलं अंतर भरायचं. डावं, उजवं की मधलं बटण ते निवडायचं. एकेरी की दुहेरी क्लिक ते निवडायचं. मग किती वेळा दाबायचं, की थांबवेपर्यंत दाबत राहायचं, ते ठरवायचं. शेवटी जागा: बाण असेल तिथे, की पडद्यावरचा एक ठरलेला बिंदू. बिंदू निवडला की त्याचे दोन आकडे येतात, डाव्या कडेपासूनचं अंतर आणि वरच्या कडेपासूनचं अंतर. एफ ६ दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद.

वाचनालयात पहिल्याच दिवशी ते चाललं नाही. बाण अचूक ‘कॅप्चर’वर येऊन बसायचा, क्लिकर सुरू असल्याचं दिसायचं, आणि बटण काही दाबलं जायचं नाही. हाताने दाबलं की लगेच फोटो. नोटपॅडवर लावून पाहिलं तर तिथे क्लिक नीट पडत होते. दोन दिवस मी जागेचे आकडे बदलत राहिले. खरं कारण जागेत नव्हतंच. कॅमेऱ्याचं ते जुनं सॉफ्टवेअर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणून, म्हणजे संगणकावरच्या वरच्या अधिकाराने, उघडत होतं आणि क्लिकर साध्या परवानगीने. विस्टा या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये अशी भिंत आहे की कमी अधिकाराच्या प्रोग्रामने जास्त अधिकाराच्या प्रोग्रामच्या खिडकीत कळ किंवा क्लिक पाठवली तर ती मुकाट्याने गाळली जाते. एखाद्या घुसखोर प्रोग्रामने परस्पर ‘होय’ दाबू नये म्हणून ही सोय. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, म्हणून माणूस चकतो. क्लिकरवर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ दिलं आणि पहिला फोटो निघाला. ज्यांना हाच अनुभव येईल त्यांनी आधी हे पाहावं, माझे दोन दिवस यात गेले.

मग अंतर ठरवायचं काम. हे मी मनापासून केलं, कारण सगळी गंमत त्या एका आकड्यात होती. सहा सेकंद ठेवले तेव्हा मी पानामागे धावत होते; हात मागे घ्यायच्या आत फोटो निघायचा आणि बोटं चित्रात यायची. बारा ठेवले तेव्हा पान लावून झाल्यावर चार-पाच सेकंद नुसतं धरून बसावं लागायचं, आणि धरून ठेवलेला हात थरथरतो. शेवटी नऊवर जमलं. पान उलटायचं, दोन्ही तळव्यांनी मधल्या शिवणीकडून बाहेर निपटायचं, कडा फक्त बोटांच्या टोकांनी धरायच्या, श्वास रोखायचा, टक्‌. पहिल्यांदाच दोन्ही पानं सारखी सपाट आली. समासाकडचं शेवटचं अक्षरसुद्धा वाचता येत होतं. मनगटाचा पट्टा मी त्या आठवड्यात सोडला.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. नऊ सेकंदांच्या हिशेबाने तासाला चारशे फोटो व्हायला हवेत. माझे सरासरी दोनशे होतात. दुमडलेला कोपरा उलगडायचा असतो, धूळ ब्रशने झाडायची असते, दोन पानं चिकटलेली असली तर पातळ पट्टी घालून सोडवायची असतात. त्यासाठी एफ ६ दाबून थांबते. घाई करून चारशे गाठणं शक्य आहे, पण मग पानं फाटतील, आणि पानं वाचवायला तर आपण बसलो आहोत.

आता तो दिवस, ज्याचं मला आजही वाईट वाटतं. एका दुपारी १९३६ चा खंड घेतला होता. वाचनालय एक ते चार बंद असतं, तेव्हाच मी हे काम करते, पण त्या दिवशी दोन विद्यार्थी परीक्षेच्या अभ्यासासाठी आत बसले होते. त्यांना त्रास नको म्हणून मी संगणकाचा आवाज पूर्ण बंद केला. क्लिकर ‘थांबवेपर्यंत’वर लावला, आणि मान खाली घालून पानं उलटत राहिले. हाताला लय आली होती. मनातल्या मनात नऊ मोजायचे आणि पुढचं पान घ्यायचे. पाऊण तासाने वर पाहिलं तर पडद्याच्या मधोमध छोटी चौकट उभी होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही. ती चौकट आल्यावर मागची मुख्य खिडकी क्लिक घेतच नाही. प्रत्येक क्लिकला फक्त ‘टिंग’ असा आवाज येतो, आणि आवाज मी बंद केला होता. फोल्डर पाहिलं तर शेवटचा फोटो पस्तीस मिनिटांपूर्वीचा. नाजूक कागदाची दोनशेहून अधिक पानं मी उलटली, दाबली, आणि त्यातलं एकही उतरलं नव्हतं. ती पानं पुन्हा एकदा उलटावी लागली. दुसऱ्या वेळी त्यांतल्या तीन पानांना शिवणीपाशी चीर गेली. जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, आणि गव्हाची खळ लावून मी त्या जोडल्या आहेत, पण चीर दिसते.

त्यानंतर मी पद्धत बदलली. ‘थांबवेपर्यंत’ हा पर्याय वापरायचाच नाही. प्रत्येक वेळी पन्नास क्लिक. पन्नास क्लिकना साडेसात मिनिटं लागतात. ते झाले की क्लिकर आपण होऊन थांबतो, मी उठून फोल्डरमध्ये पन्नास फाइली आल्यात का पाहते, शेवटच्या फोटोतला पृष्ठक्रमांक हातातल्या पानाशी ताडते, आणि वहीत टिपते. पाठ मोकळी होते, डोळे पानावरून उठतात. पृष्ठक्रमांक ताडल्यामुळे आणखी एक गोष्ट हाती लागली: काही खंडांत बांधणाऱ्यानेच फर्मे, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांचे जुडगे, उलटसुलट शिवलेले आहेत. त्याची नोंदही आता वहीत आहे.

मग भाच्याशी फोनवर बोलून पुढची पायरी गाठली. ‘ऑटोहॉटकी’ नावाचं एक मोफत साधन आहे, २००३ पासूनचं. त्यात चार ओळी लिहून आपल्याला हवं तसं काम बसवता येतं. मला प्रोग्रामिंग येत नाही; तो सांगत गेला, मी लिहीत गेले, आणि प्रत्येक ओळ कशासाठी आहे हे त्याच्याकडून समजून घेतल्याशिवाय पुढे गेले नाही. माझी मागणी इतकीच होती की क्लिक करून झाल्यावर त्याने फोटो आला की नाही ते बघावं. आता ते असं चालतं: दर नऊ सेकंदांनी कॅमेऱ्याची खिडकी समोर आहे का तपासायचं, असेल तरच बटण दाबायचं, तीन सेकंद थांबून फोल्डरमधल्या फाइली मोजायच्या. संख्या एकने वाढली नसेल तर तिथेच थांबायचं आणि तीनदा बीप द्यायची. अभ्यासाला कोणी बसलेलं असलं तरी ती बीप मी बंद करत नाही. मुलांना कारण सांगितलं, त्यांनी मान डोलावली. दोघांतला एक तर आता रोज विचारतो, आज कोणतं वर्ष चालू आहे.

या बीपने तीनदा वाचवलं आहे. एकदा कॅमेऱ्याची वायर सैल झाली होती. एकदा अपडेटची सूचना बटणावरच येऊन बसली होती. तिसऱ्यांदा मी व्याख्यानासाठी सभागृहातला टीव्ही जोडला होता, तो काढल्यावर पडद्याचं रिझोल्यूशन बदललं, सगळं थोडं मोठं दिसायला लागलं आणि ‘कॅप्चर’ ठरलेल्या बिंदूवरून सरकलं. क्लिक पडत होते ते रिकाम्या जागेवर. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी एक कोरा कागद ठेवून पाच फोटो काढते.

मावशी, म्हणजे आमच्या वाचनालयात झाडलोट आणि कपाटांचं काम पाहणाऱ्या, आता माझ्याबरोबर बसतात. संगणकाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी म्हटलं, “मावशी, फक्त पान बघा, बाकी ते करतं.” त्यांच्या हाताला पान कळतं, माझ्याहून जास्त. पोळपाटावरची पातळ पोळी उचलावी तसं तळवा खाली सरकवून त्या पान उलटतात, कोपऱ्याला धरून ओढत नाहीत. त्यांच्यासाठी अंतर अकरा सेकंद ठेवलं. मी पडद्याकडे बघते, त्या पानाकडे. दोघी असलो की वाया जाणारा फोटो शंभरात एखादा.

हे साधन वाचनालयात आहे म्हटल्यावर एक सभासद विचारायला आले. मे महिन्यात गावी जायचं होतं, तत्काळचं आरक्षण वातानुकूलितसाठी सकाळी दहाला आणि बिनवातानुकूलितसाठी अकराला उघडतं, “ताई, तुमचं ते आपोआप दाबणारं तिथे लावून देता का?” मी नाही म्हटलं. माणसांच्या रांगेत यंत्र उभं केलं की ज्याच्याकडे ते नाही त्याची जागा जाते. रेल्वेच्या नियमांतही ते बसत नाही. ऑनलाइन स्पर्धेतली मतं वाढवायला किंवा जाहिरातींवर क्लिक पाडायला लोक हेच वापरतात आणि त्यात सरळ फसवणूक आहे. माझ्या खोलीत ज्या बटणावर क्लिक पडतात ते आमचंच आहे, कॅमेरा आमचा, खंड आमचे. कोणाचं काही हिरावलं जात नाही. त्या सभासदांना हे बोलणं लागलं असेल, पण मी त्यांच्याबरोबर बसून हातानेच फॉर्म भरून दिला.

४१ खंड झाले आहेत. फोटो दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवले आहेत, एक वाचनालयात आणि एक अध्यक्षांच्या घरी. सर्वांसाठी खुलं काय करायचं हे मी एकटी ठरवत नाही. लेखक जाऊन साठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय त्याच्या लिखाणावरचा हक्क संपत नाही, त्यामुळे प्रत्येक अंकाची लेखकनिहाय यादी करते आहे. तेच काम आता खरं लांबणार आहे, आणि त्याला कोणताही क्लिकर नाही.

पुढच्या आठवड्यात १९४३ चा खंड घ्यायचा आहे. काल मावशींनी तो कपाटातून काढून जुन्या साडीत गुंडाळून ठेवला. मी वरचं एक पान उघडून पाहिलं. कडेला नुसतं बोट लागलं तरी कण पडतात. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे उतार लावून खंड अर्धाच उघडायचा आणि एका फोटोत एकच पान घ्यायचं असं ठरवलं आहे. अंतर वीस सेकंदांवर नेलं आहे.